बर्फावरची वळणे

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रसवंतीत रोज दुपारी बर्फाची लादी येते. परवा तिच्यावरचे गोणपाट सरकले होते आणि किंचित कललेल्या लादीवरून पाण्याची एक धार वाहत होती. धारेने बर्फात बोटभर खोल चर पाडला होता. एका ठिकाणी तो डावीकडे वळला होता आणि त्या वळणाची बाहेरची कड आतून इतकी पोखरली गेली होती, की तिच्याखाली करंगळीचे टोक सहज जात होते.

ग्रीनलंडच्या बर्फावर उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याचे निळे प्रवाह वाहतात आणि त्यांतले कित्येक अतिशय नागमोडी असतात. मला याचे अप्रूप वाटते ते गाळामुळे. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो, आणि नदीच्या अशा वळणांचे कारण सांगताना बाहेरचा काठ खचतो व आतल्या काठाशी वाळू साठते, असे शाळेपासून शिकतो. बर्फावर वाळू साठण्याचा प्रश्नच नाही, तरीही वळणे पडतात आणि वाढतात, कारण तिथे काठ खाते ती उष्णता. वळणावर वेगवान पाणी बाहेरच्या भिंतीला घासून जाते, तिला अधिक उष्णता देते आणि भिंत मागे हटते. आतली बाजू मात्र भर पडून नव्हे, तर प्रवाह एकाच वेळी खाली आणि बाहेर सरकत गेल्यामुळे उतरती राहते.

शून्य अंशाजवळच्या पाण्यात उष्णता येते कुठून? काही उन्हातून येते, काही उतारातून. एक लिटर पाणी १०० मीटर खाली उतरले की सुमारे ९८० ज्यूल ऊर्जा मोकळी होते आणि एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात. म्हणजे लिटरमागे जेमतेम तीन ग्रॅम. पण सेकंदाला हजार लिटर वाहणारा प्रवाह याच हिशेबाने तासाला दहा टनांहून अधिक बर्फ वितळवू शकतो.

अर्थात भोवतालचा पृष्ठभागही उन्हाने खाली जात असतो, म्हणून प्रवाहाचा तळ त्याहून वेगाने खोल गेला तरच पात्र टिकते. एवढे करून कित्येक प्रवाह पुढे एखाद्या भेगेशी पोहोचतात आणि उभ्या विवरातून थेट हिमनदीच्या पोटात कोसळतात.