धुऱ्यावरची खार

१८ जानेवारी

सकाळी हरभऱ्याच्या वावरात पोहोचलो तेव्हा वर्षभरासाठी ठेवलेला आमचा सालदार धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली मान खाली घालून उभा होता. "भाऊ, खार मेली जी," एवढेच तो म्हणाला.

विष मीच ठेवले होते. घाटे भरू लागल्यापासून घुशींनी धुरा पोखरला होता, म्हणून दोन दिवस तेल लावलेला गव्हाचा भरडा नुसताच ठेवून त्यांना त्याची सवय लावली आणि तिसऱ्या दिवशी ९६ भाग भरडा, दोन भाग तेल आणि दोन भाग झिंक फॉस्फाईड या प्रमाणात आमिष केले. ते बिळात आत सारून तोंड मातीने बंद करायचे असते, हे मला माहीत होते. अंधार पडत आल्यामुळे शेवटच्या काही बिळांपाशी मी ते बाहेरच ठेवून घरी आलो. पोटातल्या आम्लाशी संयोग होताच झिंक फॉस्फाईडच्या काळ्या भुकटीतून विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही.

खार हातात घेतली तेव्हा तिच्या पाठीवरचे फिके पट्टे मी नकळत मोजले. ते पाच होते. सेतू बांधताना रामाने पाठीवरून तीन बोटे फिरवली, ही आजीची गोष्ट लहानपणापासून मनात असल्याने पट्टे तीनच असतात असे मी धरून चाललो होतो. तीन पट्ट्यांची खार वेगळी असते, आमच्या धुऱ्यावरची ही पाच पट्ट्यांची.

त्याच बाभळीच्या आसपास नऊ घुशीही मरून पडल्या होत्या, पण सालदाराने त्यांच्याबद्दल अवाक्षर काढले नाही आणि मलाही त्यांच्याबद्दल काही वाटले नाही, ही गोष्ट मला दिवसभर छळते आहे. खार, घूस, उंदीर आणि साळिंदर हे सारे एकाच गटाचे, कुरतडणारे प्राणी आहेत. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणे ही त्यांची खोड नसून गरज आहे. मागच्या वर्षी वळचणीला घरटे करताना एका खारीने घरात भरून ठेवलेल्या कापसातून बोंडभर कापूस रोज पळवला, तर आईने त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा फिरवू दिला नाही. त्याच ढिगात उंदीर शिरला तेव्हा मात्र तिनेच मला काठी आणायला सांगितले. मेळघाटात शेकरू, म्हणजे मोठी खारच, दिसला की आपण गाडी थांबवून राज्यप्राणी म्हणून लेकरांना कौतुकाने दाखवतो. चिचुंद्री तर उंदरांच्या गटातलीही नाही, ती किडे खाऊन जगते. तरी केवळ तोंडवळ्यामुळे ती आपल्या हातून मरते.

घुशीवर माया करा, असे मी म्हणू शकत नाही. वडिलांबरोबर एकदा गव्हाच्या वावरातले बीळ खणले होते, तेव्हा आत ओंब्यांचा केवढा साठा निघाला ते मी पाहिले आहे. धान्य वाचवायचेच आहे, पण ज्याला मारायचे त्याच्यापुरतेच विष ठेवण्याची काळजी मी घेतली नाही आणि त्याचे कारण फक्त कंटाळा होते.

दुपारी बाहेर उरलेले सगळे आमिष वेचून पुरले. मेलेल्या घुशी घुबडाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी लागू नयेत म्हणून खोल खड्डा खणला आणि खारीला वेगळे न ठेवता त्यांच्याच शेजारी ठेवून माती लोटली. सालदाराला ते आवडले नाही. उद्या हरभऱ्यात पक्षीथांबे रोवायचे आहेत. घुबड रात्री येऊन बसते का, ते पाहीन.