लाईट बिलावर नाव कुठं रंगवणार?

सोलापुरात देणाऱ्यांची कमी नाही, हे आधीच सांगून टाकते. कुठल्याही मंदिरात, मठात, शाळेत जा आणि मान वर करून पंख्याकडे बघा, तिन्ही पात्यांवर लाल रंगात नाव, गाव आणि कुणाच्या स्मरणार्थ ते लिहिलेलं असतंय. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही ही गोष्ट वेगळी. पण तो पंखा फिरतो त्याचं बिल कोण भरतं असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. बिलावर नाव कुठं रंगवणार?

आमची अभ्यासिका अशोक चौकाच्या मागच्या बाजूला, एका जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत चालते. येणाऱ्या मुली बहुतेक तेलुगू घरातल्या, आया विड्या वळतात. घरी एकच खोली, त्यात आई मांडीवर सूप घेऊन बसलेली, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, तंबाखूचा ठसका, टीव्ही चालू, धाकटा भाऊ रडतोय आणि कोपऱ्यात दहावीचं बीजगणित, काय डोंबल अभ्यास होणार. म्हणून आम्ही चौघी मैत्रिणींनी पदरचे पैसे घालून खोल्या घेतल्या, मग रीतसर धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवला, बाराए झालं म्हणजे ट्रस्टला आयकरात सूट, ऐंशीजी झालं म्हणजे देणगी देणाऱ्याला सूट. आणि तिथून पुढं कळलं की संस्था काढणं सोपं, चालवणं म्हणजे दर महिन्याच्या पाच तारखेला पोटात गोळा. भाडं, लाईट, संध्याकाळी बसणाऱ्या ताईचं मानधन, वर्षाला ऑडिट. यातलं एकही असं नाही की ज्याचा फोटो काढून कुणाला पाठवावा.

२०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, तो सीएसआर. मग आम्हीपण एका कंपनीच्या पोर्टलवर अर्ज टाकला. सगळा इंग्रजीत, प्रत्येक रकान्याला शब्दमर्यादा, बेसलाईन विचारलेली, आउटकम विचारलेले, आणि भाड्यासाठी रकानाच नाही. पतसंस्थेतली नोकरी सांभाळून तीन रात्री जागले मी त्याच्यासाठी. उत्तर आलंच नाही. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. पण त्यानंतर एक गोष्ट डोक्यात बसली की पैसा गरजेकडे जात नाही, ज्याला अर्ज चांगला लिहिता येतो त्याच्याकडे जातो. आमच्यासारख्या निदान लिहू तरी शकतात, गल्लीतल्या एखाद्या अक्काला काही सुरू करायचं असेल तर तिनं कुठं जायचं?

मग गावातल्याच एका फाउंडेशनचं कळलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना आधीच भरपूर अर्ज येतात आणि पुढच्या वर्षी मलाही करायचाय. पद्धत साधी आहे, आपली भिशी माहितीये ना, तिची थोरली बहीण समजा, फक्त इथं नंबर लागतो तो पैसे टाकणाऱ्याचा नाही तर गावातल्या कामाचा. डॉक्टर, चादरीचे कारखानदार, रिटायर्ड मास्तर, पुण्या-हैदराबादला गेलेली इथलीच पोरं, सगळ्यांचे पैसे एका निधीत, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज दरवर्षी वाटायचं. एक कोटी असतील आणि सात टक्के धरले तर वर्षाला सात लाख. गावाच्या मानानं कमी वाटतात, पण वर्षाचं भाडं निघत नाही म्हणून अडलेल्या संस्था मोजल्या तर बऱ्याच जणांचं भागतं.

ही कल्पना जुनी आहे म्हणे. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात १९१४ साली फ्रेडरिक गॉफ नावाच्या एका बँकेच्या अध्यक्षानं पहिलं असं फाउंडेशन काढलं. त्याची अडचण अशी होती की श्रीमंत माणसं मृत्युपत्रात लिहून जायची की माझा पैसा अमुक एका कामालाच वापरा, आणि पन्नास वर्षांनी ते कामच उरायचं नाही, पैसा मात्र अडकून पडायचा. त्यानं काय केलं, पैसे एकत्र सांभाळायचे आणि त्या त्या काळात गावाला काय पाहिजे ते गावातल्या कमिटीनं ठरवायचं. आपल्याकडे मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट १९९१ पासून आहे. हे वाचलं तेव्हा मला पंख्याची पातीच आठवली.

आमचा अर्ज मराठीत, दोन पानं, हातानं लिहिलेला. मागितलं काय, तर तीन कॉम्प्युटर आणि प्रोजेक्टर, कारण इतकी वर्षं देणारे तेच विचारायचे म्हणून आम्हालाही तेच मागायची सवय लागलेली. महिन्याभरानं कमिटीतले तिघं बघायला आले, त्यात एक बाई होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांनी ना भिंतीवरचे तक्ते बघितले ना आमचा फोटोंचा अल्बम, सतरंजीवर बसल्या आणि हजेरीचं रजिस्टर मागितलं. आम्ही येण्या-जाण्याची वेळ लिहितो त्यात. बराच वेळ पानं उलटत बसल्या आणि म्हणाल्या, "सगळ्या मोठ्या मुली सातलाच का जातात गं?"

मी म्हटलं, "घरी काम असतं मॅडम, विड्या वळू लागायच्या असतात." अहवालातसुद्धा आम्ही दोन वर्षं तेच लिहीत होतो, घरकामामुळे.

त्या काही बोलल्या नाहीत, उठून मागं गेल्या. पाच मिनिटांनी एका नववीतल्या पोरीला घेऊन परत आल्या. भानगड अशी की संडास मागं मालकांच्या बाजूला, आणि सात वाजले की मालकीणबाई मधल्या दाराला कुलूप घालतात. लहान मुलींचं कसंही भागायचं, मोठ्या मुली सातला दप्तर उचलून घरी जायच्या. आम्हाला कुणी बोललं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. आम्ही चौघी बायका, तरी विचारलं नव्हतं! त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगते.

कॉम्प्युटर नाही मिळाले. पुढच्या व्हरांड्यात संडास बांधायचे पैसे, वर्षाचं भाडं आणि ऑडिटची फी एवढं मिळालं. मालकांना पटवायलाही त्याच बाई दोनदा आल्या, मालकांचा पुतण्या या बाईंचा विद्यार्थी निघाला, काम झालं. मुंबईतला साहेब कितीही चांगला असला तरी हे त्याला जमलं नसतं. आता दहावीच्या पोरी साडेनऊपर्यंत बसतात, पाणी यायचा दिवस सोडून, त्या दिवशी अख्खी गल्ली घागरी घेऊन नळावर असते आणि अभ्यास राहतो बाजूला.

आणखी एक, मे महिन्यात त्यांनी गावातल्या छोट्या संस्थांना एका हॉलमध्ये बोलावलं आणि एका सीएनं सगळ्यांचा १०बीडी नावाचा फॉर्म भरून घेतला. देणगीदारांची यादी ३१ मेच्या आत आयकर खात्याला द्यावी लागते, राहिली तर दिवसाला २०० रुपये लेट फी. आमच्याएवढ्या संस्थेला तेवढ्यात खड्डा पडतो. तिथंच कळलं की २०२३ च्या बजेटात नियम आलाय, एका ट्रस्टनं दुसऱ्या ट्रस्टला पैसे दिले तर हिशोबात त्यातले ८५ टक्केच खर्च झाले असं धरायचं. म्हणजे ज्या फाउंडेशनचं कामच दुसऱ्या संस्थांना देणं आहे त्यालाच चाप. सीए समजावून सांगत होता तेव्हा फाउंडेशनच्या खजिनदारांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सगळं गोडच आहे असं नाही हां. कमिटीत फिरून फिरून तीच घराणी, तीच आडनावं. पूर्व भागातल्या बायकांसाठी पैसे वाटायचे आणि टेबलाभोवती विडी वळणारी एकही बाई नाही, हे मला खटकतं आणि मी वार्षिक सभेत उठून बोलले. वाटलं आता आपला पुढचा हप्ता गेला. तर अध्यक्ष म्हणाले, द्या की नाव. आमच्या दोन मुलींची आई, तिला सगळे अक्का म्हणतात, युनियनच्या मोर्च्यांत वाढलेली, बोलायला खमकी, तिचं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी तिला सांगायला गेले, तर हात न थांबवता ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, "येते की. पण मीटिंग दुपारची म्हणता, त्या दिवशीच्या माझ्या हजार विड्या कोण वळणार?"

मी ते तसंच जाऊन सांगितलं. अक्काची त्या दिवसाची मजुरी द्यायची यावर कुणाचं दुमत नाही, पण ती कोणत्या हेडखाली टाकायची यावर दोन मीटिंगा झाल्यात, तिसरी पुढच्या गुरुवारी आहे, दुपारी.