बोरचं पाणी आणि लाल सोनं

सोनं निळं पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तो मे महिन्यातला मंगळवार होता. जळगावात पारा ४४ वर, सकाळी गेलेली लाइट अकराला आलेली. दुसऱ्या दिवशी पेशींवरच्या चाचणीसाठी बारा चकत्या पुण्याला न्यायच्या होत्या आणि माझ्याकडे एकही तयार नव्हती.

चकती म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी, हायड्रोजेलची, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलीची. कॅन्सरची गाठ कापून काढल्यावर कडेला ज्या पेशी उरतात त्यांच्यासाठी औषध शिरेतून अंगभर फिरवण्याऐवजी तिथेच ठेवून द्यायचं, एवढीच कल्पना. आम्ही वापरतो ते कॅन्सरवरचं औषध, डॉक्सोरुबिसिन, हृदयाला इतकं जड जातं, की एका माणसाला आयुष्यात एकूण किती दिलं याचा हिशोब ठेवावा लागतो. कल्पना नवी नाही. मेंदूतली गाठ काढून रिकाम्या जागेत कारमुस्टिन या कॅन्सरवरच्याच औषधाच्या वड्या ठेवायला अमेरिकेत १९९६ मध्येच मान्यता मिळाली. पण त्या वड्या सगळ्यांना एकाच मापाच्या. थ्री-डी प्रिंटरवर त्या-त्या जखमेच्या आकाराची, हवी तेवढी जाळीदार चकती काढावी, हा आमचा हट्ट. आमचं काम अजून उंदरापर्यंतही पोचलेलं नाही, हे इथेच सांगून टाकते. कारण नात्यात कुणाला तंबाखूने तोंडाचा कॅन्सर निघाला की पहिला फोन मला येतो.

औषध धरून ठेवतात सोन्याचे नॅनोकण. केसाच्या जाडीत एका रांगेत तीनेक हजार बसतील एवढे. १९५१ सालची टर्केविचची रीत आहे: सोन्याचा क्षार उकळत्या पाण्यात विरघळवून त्यात सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, टाकायचं. पिवळं पाणी आधी बिनरंगी होतं, मग काळपट, मग वाइनसारखं लालभडक. आमच्या लॅबमधल्या पारोळ्याकडच्या मावशींनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "सोनं तं पिवयं ऱ्हास ना मॅडम, हाई तं लाल शे!" सराफ बाजाराच्या गावात हे पटवून देणं अवघडच.

त्या दिवशी लाल सोनं पातळ करायला कॅनमधलं पाणी ओतलं आणि डोळ्यांदेखत ते जांभळं, मग मळकट निळं झालं. कण एकमेकांना चिकटले की असंच होतं. मी सायट्रेटला दोष दिला आणि चकतीची जेली ज्याची बनते त्या अल्जिनेटकडे वळले. समुद्री शेवाळातून निघणारी ही पूड पाण्यात मधासारखी दाट व्हायला हवी. झाले साबुदाण्याच्या खिरीसारखे गोळे. प्रिंटरची २२ गेजची सुई तीनदा तुंबली. मग दोष उन्हाला, सुईला, पुडीच्या नव्या बाटलीला. दुपारी तीनपर्यंत मी स्वतःला सोडून सगळ्यांना दोष देऊन झाले होते.

मावशी काचेची भांडी धूत होत्या. गोळे झालेलं बीकर हातात घेऊन त्यांनी तिरपं केलं, बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "कोणतं पाणी टाकं? बोरना पाणीमा दाय तरी शिजस का?"

मी कॅनपाशी गेले. त्यावर माझ्याच अक्षरात 'डिस्टिल्ड' लिहिलेलं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला: ७८०. लाइट नसल्याने डिस्टिलेशनचं यंत्र बंद होतं आणि नव्या मुलाने कॅन रिकामा दिसू नये म्हणून मागच्या नळावरून भरून ठेवला होता. कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतं तेच पाणी.

बोरच्या पाण्यातल्या कॅल्शियमने दोन्ही उद्योग केले होते. कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा त्यांच्यावरचा ऋण भार झाकला म्हणून ते चिकटले, आणि अल्जिनेटच्या लांब साखळ्या वेळेआधीच एकमेकींना जखडल्या. डाळ टणक राहते तेही यामुळेच. डाळीतल्या पेक्टिनला कॅल्शियम असंच जखडतं. ही रसायनं मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवते. घरी डाळीत खाण्याचा सोडा टाकते तोही याचसाठी. दोन्ही गोष्टी एका डोक्यात असून कधी शेजारी बसल्या नव्हत्या.

यंत्र सुरू केलं. फ्रिजमध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं अस्तर चढवलेल्या सोन्याची आधीची बाटली होती. ते अस्तर असलं की कॅल्शियमचं काही चालत नाही. संध्याकाळी सातला पहिली चकती निघाली, लालसर, जाळी स्पष्ट. चिमट्याने उचलून ती कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडली. मावशी घरी निघाल्या होत्या, पिशवी खांद्याला लावून थांबल्या.

"मंग आते तेच पाणी कसाले?"

म्हटलं, आता घट्ट व्हायला हवी ना. आकार आला की मग कॅल्शियम. आधी नाही.

"दाय शिजनी का मंग मीठ," त्या म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

रात्री दीडपर्यंत अकरा झाल्या. बारावी चिमट्यात फाटली.