रात्री दहाचं ऊन आणि आमची निजानीज

जूनमध्ये स्टॉकहोमला सूर्य मावळतो रात्री १० नंतर आणि पहाटे साडेतीनला पुन्हा दारात हजर. मधल्या वेळातही पुरता काळोख होतच नाही. अशात तीन वर्षांच्या मुलीला साडेसातला "रात्र झाली, झोप आता" म्हणणं म्हणजे धडधडीत खोटं बोलणं. ती पडदा सारून बोट दाखवायची, "आई, ऊन!" बरोबरच होतं तिचं.

पहिल्या उन्हाळ्यात ती साडेदहापर्यंत टक्क जागी. सकाळी सातला पाळणाघरासाठी उठवायची, की दिवसभर किरकिर. या वयाला दुपारची झोप धरून १० ते १३ तास हवेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमची गाडी दुपारचा एक तास मिळवूनही साडेनऊवर अडलेली.

मुलांच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी औषधबिषध काही दिलं नाही. एवढंच विचारलं, "संध्याकाळी सहा ते सात घरात काय चालतं?"

काय चालणार? आजीचा व्हिडिओ कॉल! आमचे साडेसहा म्हणजे पुण्यात रात्रीचे १०. आजीची मालिका संपलेली, जेवणं उरकलेली. मग "नाच बघू", "गाणं म्हण बघू". लेक सोफ्यावरून उड्या मारतेय आणि तासाभरात तिनं झोपावं ही आमची अपेक्षा! दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर तासभर स्क्रीन आणि झोपण्याआधी नकोच, असा इथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याचा २०२४ चा सल्ला आहे. त्यात आजी धरायची का, हे विचारायचं राहूनच गेलं.

कॉल सकाळी हलवला तर आजी फुरंगटल्या. "काय गं ही थेरं! तुझा नवरा लग्नाच्या मांडवात, बँड वाजत असताना माझ्या मांडीवर झोपलाय." झोपलाही असेल. पण पुण्यात ऐन जूनमध्येही सव्वासातला सूर्य मावळतो. अंधार पडला की मेंदू झोपेची तयारी करतो, मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं. इथे तो अंधारच आपण करायचा.

म्हणून काळा पडदा आणला. तरी कडेनं उजेडाची बोटभर रेघ भिंतीवर यायचीच, आणि लेक नेमकी तिच्याकडेच बघत पडायची. शेवटी खिडकीच्या चौकटीला काळे पुठ्ठे चिकटवले. पोळी-भाजी साडेपाचला, अंघोळ, दोन पुस्तकं (तिसऱ्यासाठी रोज भांडण), दिवा बंद. आठवडाभर रडारड झाली. मग आठच्या आत झोपायला लागली. आमची जेवणं मात्र अजून साडेआठलाच, ती काही सुटली नाहीत.

हल्ली सकाळी सातला ती खीर खाते आणि आजी तिकडे फोन ओट्याला टेकवून गवार मोडतात. "गवाल" हा शब्द तिथूनच आला.

आता ऑगस्ट संपत आलाय, नऊला बाहेर काळोख असतो. पुठ्ठे काढायला हवेत, पण चिकटपट्टीबरोबर चौकटीचा रंगही निघेल अशी भीती वाटते. घर भाड्याचं आहे.