आईचा खुबा मोडला तेव्हा

आषाढी एकादशीचा उपास आईने ७८व्या वर्षीही सोडलेला नाही. द्वादशीच्या सकाळी पूजेला जास्वंदी काढायला म्हणून ती मागच्या अंगणात गेली आणि चिऱ्यांवरच्या शेवाळावरून पाय घसरला. आमच्या गोव्यातल्या डिचोलीत आषाढातलं अंगण म्हणजे साबण लावलेली फरशी. मी आत चहा गाळत होतो. "अरे, पडले मी," हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी चहा गाळून संपवला आणि मग बाहेर गेलो. ते अजून मनातून जात नाही.

डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलं होतं. शेजारचे काका तेलाची बाटली घेऊनच आले. "सांधा सरकलाय, ओढून बसवूया," म्हणाले. मी त्यांना थांबवलं ते काही ज्ञानामुळे नव्हे, आई किंचाळली म्हणून. १०८ आली. त्या मुलांनी दोन्ही पायांमध्ये उशी घालून पाय एकमेकांना बांधले, दोन भागांत उघडणारं स्ट्रेचर दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवलं आणि तिला जवळजवळ न हलवता उचललं. तिथून बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज.

एक्स-रेत मांडीच्या हाडाची मान, म्हणजे बॉलखालचा अरुंद भाग, मोडलेली दिसली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. खुब्यातल्या बॉलला रक्त पुरवणाऱ्या नळ्या या मानेवरूनच जातात. हाड तुटून सरकलं की त्याही तुटतात, मग या वयात ते हाड सांधण्याची आशा धरता येत नाही. बॉलच बदलायचा. पण हृदयासाठी ती रक्त पातळ करणारी गोळी घेत होती, तिचा असर उतरायला काही दिवस थांबायला हवं होतं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचं कार्ड बरोबर नेलं होतं आणि ते वेळेवर रिन्यू केलेलं होतं, त्यामुळे पैशांची धावपळ झाली नाही. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला २.५ लाखांचं संरक्षण आहे, आमच्या कार्डावर तर दोनच नावं: ती आणि मी.

दोनच नावं, हाच खरा प्रश्न होता. मी अविवाहित, वय ५१, शाळेत गणित शिकवतो. बहीण बेळगावला. ती दोन दिवस येऊन गेली, तिच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. म्हणजे आईजवळ रात्रंदिवस मीच.

ऑपरेशनपर्यंत पायाला ट्रॅक्शन लावलं होतं. पोटरीला फोमचा पट्टा, पावलाकडून दोरी, कॉटच्या टोकाला कप्पी आणि खाली लोंबकळणारं दोन किलोंचं वजन. आई रात्री कण्हायला लागली तेव्हा मी मोठ्या मायेने ते वजन उचलून स्टुलावर ठेवलं. आईला बरं वाटलं, मलाही वाटलं. अर्ध्या तासाने सिस्टर आल्या, दोरी ढिली बघितली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की नववी ब मधला शेवटच्या बाकावरचा मुलगा मला पहिल्यांदाच समजला. "वजन टेकलं की ट्रॅक्शन संपलं. मोडलेल्या हाडाभोवतीचे स्नायू आखडतात, त्यांना ओढून धरायला ते आहे. कॉटची पायाकडची बाजू उंच का केलीय? अंगाचं वजन उलट्या दिशेने ओढायला." गणिताच्या मास्तरला बलांचा समतोल एका सिस्टरने रात्री दोन वाजता शिकवला.

त्या सिस्टर पेडण्याच्या. दर फेरीला त्या आईच्या पावलापाशी थांबायच्या. "माई, बोटां हालय पळोवया," बोटं हलव बघू, म्हणायच्या. मग अंगठ्याचं नख दाबून सोडायच्या, पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतंय का बघायच्या, पाऊल गार आहे का ते हाताच्या पाठीने तपासायच्या आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्या बेचक्यात हलकेच बोट टेकवून "कळता?" असं विचारायच्या. मला आधी तो नुसता रिवाज वाटला, देवाला फूल वाहावं तसा. चौकशी केल्यावर कळलं की पट्टा जास्त आवळला गेला तर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबते आणि पाऊल वर उचलता येईनासं होतं. प्लास्टर केलेल्या पायाचंही तेच. औषधाने न थांबणारी, बोटं नुसती हलवली तरी वाढणारी कळ ही आत दाब वाढत असल्याची सगळ्यांत आधीची खूण. पाऊल गार पडणं, नाडी न लागणं हे बरंच उशिरा येतं, तोवर वाट बघायची नसते. शेजारच्या कॉटवर म्हादईच्या पुलापाशी स्कूटरवरून पडलेला मुलगा होता. त्याच्या प्लास्टरमध्ये खाज सुटली म्हणून त्याच्या मामाने विणकामाची सुई आणली होती. ती सिस्टरनी जप्त केली. आतल्या आत ओरखडा उठला तर जखम चिघळेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

ऑपरेशन सहाव्या दिवशी झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी बाहेर बाकावर होतो, दोन तासांनी ती बाहेर आली. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली आणि त्याच दिवशी फिजिओथेरपीवाल्या मुलीने तिला वॉकर धरून उभंही केलं. मी थक्क झालो. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या रात्री आई उठून बसायला लागली. "तुझ्या बाबांची पाळी सुरू व्हायची वेळ झाली, डबा भर." बाबा खाणीवर होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्या डोळ्यांत मी नव्हतोच. मला वाटलं, भूल डोक्यात गेली, आता आई अशीच राहणार. सिस्टर आल्या, घाबरल्या नाहीत. आधी बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन बघितला, मग ड्रॉवरमधला चष्मा काढून आईच्या डोळ्यांवर चढवला, दिवा लावला, आज कुठला वार, आपण कुठे आहोत हे शांतपणे सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना खुब्याच्या ऑपरेशननंतर असा भ्रम बऱ्याचदा होतो आणि कारण सापडलं तर उतरतो, म्हणाल्या. मग जीभ बघितली. कोरडी, लाकडासारखी. मला विचारलं, "उदक पियेता मगे?"

मी म्हटलं, ठेवलेलं असतं की. बाटली भरलेली होती. तीच तर खूण होती.

सकाळी डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, सलाईन सुरू झालं. दुपारी सिस्टरनी मला बाजूला बोलावलं. आईने त्यांना सांगितलं होतं की नळी काढल्यापासून ती पाणी टाळते, कारण पाणी प्यायलं की पॅन मागावा लागतो आणि तो मुलाकडे मागायला तिला लाज वाटते. चार दिवस पोटही साफ नव्हतं, त्यात दुखण्याच्या गोळ्यांनी भर घातलेली. तीन दिवस मी तिच्या उशाशी बसून होतो, थर्मासमधून पेज आणत होतो, मोसंबी सोलत होतो आणि हे मला दिसलं नव्हतं.

मग सिस्टरनी आम्हा दोघांना पॅन शिकवला. हो, शिकवावा लागतो. खुबा मोडलेल्यासाठी चपटा, पुढून पातळ असलेला पॅन असतो. आईने चांगला गुडघा वाकवायचा, डोक्यावरचं हँडल धरायचं आणि त्या पायावर जोर देऊन कंबर उचलायची. मी पॅन चांगल्या बाजूने सरकवायचा. वर चादर, मी तोंड फिरवून उभा. आईची एकच अट होती: 'पॅन' हा शब्द वॉर्डात उच्चारायचा नाही. तिने स्वतःच ठरवलं, "खिडकी लाव" म्हणेन. पहिल्यांदा ती म्हणाली तेव्हा त्या स्कूटरवाल्या मुलाचा मामा तत्परतेने उठला आणि त्याने खिडकी खरंच लावली. त्यानंतर दिवसाला दीड लिटर पाणी जायला लागलं. दोन दिवसांत बाबांचा डबाही विसरला.

कुशीवर वळवतानाच माकडहाडावरचा लाल डाग दिसला. मी लगेच खोबरेल तेल काढलं. सिस्टरनी डागावर बोट दाबून सोडलं, लाली तशीच राहिली. म्हणजे आतल्या मांसाला इजा सुरू झालेली, अशा जागी चोळलं तर आणखी फाटतं. चोळायचं नाही, भार काढायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, दोन्ही मांड्यांमध्ये उशी घालून, दोघांनी मिळून. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवायची की टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. हवेची गादी आणली म्हणून वळवणं सुटत नाही. मी मोबाइलवर दोन-दोन तासांचे गजर लावले. शाळेची घंटा बरी, अशी अवस्था झाली.

चौदाव्या दिवशी टाके काढून घरी. रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून एक बाई मागवली होती. ती मनाने चांगली होती, पण आईला काखेत हात घालून ओढून उठवायची आणि उरलेला वेळ टीव्ही बघायची. चौथ्या दिवशी मी तिला निरोप दिला आणि रजा वाढवली. घरातले नियम आईला जास्त जड गेले: पाटावर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही, खुर्चीत गुडघे कमरेपेक्षा वर जाता कामा नयेत. सांधा मागच्या बाजूने उघडून बसवला होता, असं वाकलं तर बॉल निसटू शकतो. आयुष्यभर जमिनीवर बसून नारळ खवणाऱ्या बाईला हे सांगा. उंच कमोड-खुर्ची आणली, सोप्यावरचं पायपुसणं फेकलं, उंबरठ्याजवळ कठडा बसवला. वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पावलं वर-खाली हलवण्याचा व्यायाम मात्र ती आरतीच्या ठेक्यावर करायची. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तो आहे, हे तिला माझ्याआधी पाठ झालं.

उभ्या उंचीवरून पडून हाड मोडतं म्हणजे हाडच ठिसूळ झालंय, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यासाठी आठवड्याला एक गोळी सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या ग्लासाकडे ती अजून संशयाने बघते.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आई पडल्याला सात आठवडे होऊन गेले होते. गणपतीच्या वर फळं-पानांची माटोळी बांधून झाली. आई उंच खुर्चीत बसून नेवऱ्यांवर, म्हणजे करंज्यांवर, देखरेख करत होती, कुणाच्या कडा नीट मुडपल्या नाहीत ते तिथूनच सांगत होती. बहीण बेळगावहून आली होती. अचानक आई म्हणाली, "अरे, खिडकी लाव."

मी हातातलं पीठ झटकलं, बहिणीला बाहेर जायची खूण केली आणि पॅन शोधायला धावलो.

"अरे मेल्या," आई ओरडली, "पावसाची झड नेवऱ्यांवर येतेय!"