हौदांच्या मागावर एक सकाळ

आज पुण्याच्या पेठांमधून ‘पाण्याचा वॉक’ केला. काळा हौद, बदामी हौद... ही नावं आम्ही लहानपणापासून पत्ता सांगायला वापरतो. त्यांत पाणी कुठून यायचं, ते आज उमगलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत भुयारी नळ बांधला. पंप नाही, काही नाही, नुसता जमिनीचा उतार! मध्येमध्ये हवेसाठी उच्छ्वास. (किती सुंदर शब्द आहे हा!)

शेवटी फुलेवाडा. १८६८ मध्ये जोतिरावांनी घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, तो इथलाच. तिथे पोचल्यावर आमच्या गटातलं कुणीच बोलेना. सोबतच्या एक आजी डोळे मिटून, हात जोडून कितीतरी वेळ उभ्या होत्या.