पाण्याखालच्या यंत्राला चार्ज कोण करतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. समुद्रात सोडायच्या ग्लायडरच्या, म्हणजे माणसाशिवाय पाण्याखाली फिरून माहिती गोळा करणाऱ्या यंत्राच्या, बॅटऱ्यांचं काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, अगं पण ते यंत्र महिनोन् महिने पाण्यात असतं तर मधे चार्ज कुठे करता, सोलर पॅनल नाही का लावत?

मधे चार्ज करतच नाही. लांबच्या मोहिमेला बहुतेक वेळा एकदाच वापरायच्या लिथियम बॅटऱ्या असतात, निघताना जेवढं भरलंय तेवढ्यातच सगळा प्रवास. खाली ऊन पोचत नाही, आणि वर येतो तो थोडाच वेळ, जीपीएस घ्यायचं, सॅटेलाइटवरून डेटा पाठवायचा की परत बुडी, तेवढ्यात पॅनल काय चार्ज करणार.

मग मोठी बॅटरी लावा, असं म्हणतात. पण खरी मेख वेगात आहे. पाण्यात वेग दुप्पट केला की पॉवर साधारण आठपट लागते, म्हणजे तेवढंच अंतर कापायला एनर्जी चौपट. म्हणून हळू जायचं, अगदी हळू. ग्लायडरला प्रोपेलर लागतच नाही, पंप पोटातलं तेल बाहेरच्या फुग्यात ढकलतो, वजन तेच पण आकार वाढला म्हणून यंत्र वर येतं, तेल आत घेतलं की खाली जातं, आणि पंख असल्यामुळे सरळ न जाता तिरकं पुढे सरकत राहतं. हजार मीटरवर दाब हवेच्या शंभरपट, तिथे अर्धा लिटर तेल बाहेर ढकलायला हिशोबाने ५,००० ज्यूल लागतात. आपल्या मोबाइलच्या बॅटरीत ५०,००० च्या आसपास असतात! पंपात निम्मी एनर्जी वाया गेली धरली तरी मोबाइलच्या एका चार्जिंगमध्ये पाचदा एक किलोमीटर खोलातून वर येता येतं. मला हे गणित अजूनही भारी वाटतं.

आणि बॅटरी नुसती करंट देत नाही हां. अख्खा पॅक आतल्या आत पुढे-मागे सरकतो, पुढे गेला की नाक खाली, मागे आला की वर, वजनाचा असा उपयोग मला तरी फार आवडतो. पण त्यामुळे पॅक बदलला की पाण्याच्या टाकीत सगळं वजन ग्रॅम-ग्रॅमने परत जुळवावं लागतं, आणि यंत्राचं कवच बंद करताना ओ-रिंगवर, म्हणजे सांध्यातल्या रबरी कडीवर, एक केस जरी राहिला तरी तिथून पाणी शिरू शकतं, म्हणून ते काम टॉर्च घेऊन, कुणाशी न बोलता.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचा 'स्कार्लेट नाइट' २७ एप्रिल २००९ ला न्यू जर्सीहून निघाला आणि ४ डिसेंबरला स्पेनजवळ बाहेर काढला, २२१ दिवस, सुमारे ७,४०० किलोमीटर, अटलांटिक ओलांडणारा पहिला ग्लायडर. सरासरी ताशी दीड किलोमीटरसुद्धा नाही, तेही समुद्राच्या प्रवाहांची मदत घेऊन!

समुद्रातूनच एनर्जी घेता येते का, तर येते. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने आणि स्क्रिप्स या अमेरिकेतल्या समुद्रविज्ञान संस्थेने २००९ च्या शेवटी हवाईजवळ 'सोलो-ट्रेक' नावाचा फ्लोट सोडला, तो आडवा जात नाही, नुसता वर-खाली करतो. त्यात १० अंशांच्या आसपास वितळणारं मेण आहे, वरच्या कोमट पाण्यात ते वितळून फुगतं, त्या दाबावर छोटा जनरेटर फिरतो आणि बॅटरी चार्ज होते, खालच्या गारव्यात मेण परत गोठतं. तिथे ५०० मीटरची बुडी पुरली. आपल्या अरबी समुद्रात तेवढ्या खोलीवरही पाणी साधारण १२ अंश असतं, त्यामुळे तेच मेण वापरायचं तर आणखी खोल जावं लागेल, नाहीतर जरा जास्त तापमानाला वितळणारं मेण घ्यावं लागेल, आणि मला दुसरा मार्ग जास्त पटतो.